मागाला दिवा लागायच्या आधी

माझा थोरला भाऊ ट्रकखाली गेला तेव्हा दिवस होता. हे वाक्य मी आयुष्यभरात इतक्या लोकांना ऐकवलं आहे की आता ते बोलताना आवाज आपोआप चढतो, आणि बाईचा आवाज चढला की लोक तिला भांडकुदळ ठरवून मोकळे होतात. असेन मी भांडकुदळ. पण दिवस होता.

तेव्हा नागपूर जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचं शहर होतं आणि त्याचा तोरा आमच्या पाचपावलीतल्या कोष्ट्यांच्या गल्लीपर्यंत येऊन पोचला होता. कोणता मंत्री पडणार, कोणता चढणार, याच्या गप्पा उघड्या गटाराच्या कडेला बसून रंगत. आमच्या घरात दोन माग होते. एक बंद पडलेला, त्यावर आम्ही गोधड्या रचत असू. दुसऱ्यावर बाबा बसत. भाऊ मागावर बसायला राजी नव्हता. हातमागात आता काही राम उरला नाही हे त्याने लवकर ओळखलं होतं. तो बाबांची आणि गल्लीतल्या आणखी काही घरांची लुगडी सायकलच्या कॅरिअरला बांधायचा आणि सीताबर्डीच्या दुकानांत, रामदासपेठेतल्या बंगल्यांत नेऊन द्यायचा. मी नुकतीच कार्पोरेशनच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले होते. घरात न अडखळता पेपर वाचणारी मी एकटीच, त्यामुळे रोज संध्याकाळी बाबांना पेपर वाचून दाखवणं हे माझं काम होतं.

सगळं शहरच तेव्हा सायकलवर होतं. गिरणीचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जायचा. कारकून, कामगार, दूधवाले, जरीपटक्याकडून कापडाचे गठ्ठे घेऊन येणारे सिंधी फेरीवाले, सगळे पायडल मारत. मोटारी होत्या त्या बंगलेवाल्यांच्या, आणि त्याही दबकत चालायच्या. मग जिकडेतिकडे सरकारी इमारती उठू लागल्या आणि गिट्टी-मुरूम वाहणारे ट्रक आले. लढाईनंतर लष्कराच्या लिलावात निघालेले, जुने, ब्रेकचा भरवसा नसलेले. रेल्वेच्या पुलाखाली जो उतार आहे तिथे रस्ता बोळाएवढा होतो. त्यातून एकीकडून ट्रक आणि दुसरीकडून सायकली, असा प्रकार रोज चालायचा. लोक पडायचे, उठायचे, कपडे झटकायचे आणि ट्रकवाल्याला हिंदीतून दोन शिव्या देऊन निघून जायचे.

आमच्या घरात एक रीत होती, बाबांच्या बापापासूनची. संध्याकाळी पहिला दिवा मागाला दाखवायचा. तो दाखवल्याशिवाय घरात दुसरी ज्योत पेटायची नाही. चूल नाही, कंदील नाही, बाबांची विडीसुद्धा नाही. भाऊ मागावर बसत नसला तरी ही रीत त्याने मोडली नाही. त्याच्या सायकलला रॉकेलचा छोटा दिवा होता. बाहेर असला की तो रस्त्यावरच्या घरांकडे बघत यायचा. कुठल्या तरी दारात दिवा दिसला की आपल्या घरी मागालाही लागला असणार असं समजून खाली उतरायचा, आडोसा करून काडी ओढायचा. त्याआधी नाही. वहिनी त्याला चिडवायची, की तुमच्या सायकललाही कोष्ट्याचंच पाणी लागलंय.

त्या दिवशी बाबा काठ विणत होते. हे समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. त्या लुगड्याच्या काठात जांभळं आणि काळं रेशीम शेजारी शेजारी होतं. दिव्याच्या उजेडात जांभळं आणि काळं एकच दिसतं. त्यामुळे असला काठ सूर्य असेतोवरच विणायचा, उजेड जरा पिवळा झाला की आडव्या धाग्याचा धोटा खाली ठेवायचा, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. गल्लीतला एकजण आपली सायकल दारात तशीच टाकून आत आला तेव्हा बाबांच्या हातात धोटा होता आणि माग चालू होता. तो म्हणाला, "काका, उठा. पुलाखाली या." बाबांनी विचारलं, "पडला काय गा?" त्याने नुसता हात पुढे केला. बाबा मागाच्या खड्ड्यातून उठले, आणि त्या लुगड्यावर त्यांचा हात त्यानंतर पंधरवडाभर पडला नाही.

मला शाळेतच निरोप आला, मी तिथून परस्पर गेले. पुलाच्या भिंतीवर ऊन होतं. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या उन्हात भावाच्या गठ्ठ्यातलं एक लुगडं चिखलात उघडं पडलं होतं आणि बायका त्याच्यावरून पाय वाचवून चालत होत्या.

दोन-तीन दिवसांनी एका मराठी पेपरचा बातमीदार घरी आला. माणूस वाईट नव्हता. चप्पल दाराबाहेर काढून आत आला, वहिनीकडे न बघता बसला, पाणी मागून घेतलं. मी त्याची सायकल पाहिली. तिला दिवाच नव्हता, दिव्याची नुसती पट्टी होती. त्याने बाबांना विचारलं, "सायकलला दिवा लावलेला होता का?"

बाबा म्हणाले, "नाही साहेब, लावला नोता. लावन कसा? आमच्या घरी आधी मागाले दिवा दाखवतो, मंग बाकीचे. मागाचाच दिवा लागाचा होता. मी काठ विनून राहिलो होतो."

एवढं बोलून बाबा थांबले. त्यांच्या दृष्टीने त्यांनी सगळं सांगितलं होतं. काठ विणत होतो म्हटल्यावर दिवस होता हे आणखी वेगळं काय सांगायचं? आमच्या गल्लीत हे वाक्य कोणाही समोर बोललं असतं तर त्याने मान डोलावली असती. मी पुढे होऊन म्हणाले, "तेव्हा ऊन होतं हे लिहा." बातमीदार म्हणाला, "हो हो, लिहितो ताई." आणि बाबांना हात जोडून गेला.

पेपर आला तेव्हा मी नेहमीसारखी दाराशी बसून मोठ्याने वाचायला लागले. वरचा मथळा होता, दिव्याविना सायकल, तरुण ठार. खाली लिहिलं होतं की सायंकाळी पुलाखाली अपघात झाला, सायकलला दिवा लावलेला नव्हता असं मृताच्या वडिलांनीच मान्य केलं, आणि शहरातले सायकलस्वार वाहतुकीच्या नियमांबाबत किती बेफिकीर झाले आहेत हे यावरून दिसून येतं. मी थांबले.

"बरोबर हाय," बाबा म्हणाले. "मी असंच सांगतलं. पुढचं वाच."

"पुढचं नाही काही."

"काठाचं?"

"नाही."

बाबांनी पेपरचं ते पान उलटवून पाहिलं. मग म्हणाले, "जागा नसन त्याच्यापाशी." आतून वहिनीचा आवाज आला, "ट्रकचं काय लिवलं वं?" ट्रकचं लिहिलं होतं: ट्रकचालकाने प्रसंगावधान राखून ब्रेक लावले, पण उपयोग झाला नाही. हे मी तिला वाचून दाखवलं नाही.

तेव्हापासून बाबांना एकच गोष्ट हवी होती. दुसरं काही त्यांनी कधी मागितलं नाही. ट्रकवाल्याला शिक्षा व्हावी असंही ते फारसं बोलले नाहीत. पेपरमध्ये छापून यावं की पोरगा गेला तेव्हा दिवस होता, त्याची चूक नव्हती. ज्या पेपरने म्हटलं त्याच पेपरने म्हणावं. ठाण्यात गेलो तर जमादाराने तोच पेपर टेबलावरून उचलून आमच्यासमोर धरला आणि म्हणाला, "बाबा, आपनेच तो बोला है." ट्रक एका बड्या ठेकेदाराचा होता. खटला उभाच राहिला नाही.

मला वाटलं होतं, एका पेपरने खोटं छापलं तर दुसरा खरं छापेल. दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. दुसरा पेपर हिंदी होता आणि कार्पोरेशनमधल्या विरोधकांच्या बाजूचा होता. त्यानेही आमची बातमी घेतली, तीही मोठी. त्यात लिहिलं की पुलाखालच्या उतारावर कार्पोरेशनने विजेचा खांब लावलेला नाही, म्हणून एका गरीब बुनकराचा मुलगा अंधारात बळी पडला. मी ते वाचलं आणि हसायला लागले. वहिनीला वाटलं मला काहीतरी झालं. पण मला तेव्हाच समजून चुकलं होतं. दोन्ही बाजूंना अंधार हवा होता. एकाला सायकलवाल्याला झोडपायला, दुसऱ्याला कार्पोरेशनला. दिवस होता म्हटलं तर तिथे फक्त ट्रक उरत होता, आणि ट्रक कोणालाच नको होता.

कार्पोरेशनच्या सभेत यावर चर्चा झाली. बाबा आणि मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. एक बाजू म्हणाली, सायकलवाल्यांना शिस्त लावा. दुसरी म्हणाली, खांब लावा. मग खांब कोणत्या वॉर्डात पडतो यावर वाद पेटला, मग कुणीतरी कुणाचा तरी बाप काढला. भावाचं नाव एकदाही आलं नाही; 'तो कोष्टी' एवढंच. बाबा सगळं हात मांडीवर ठेवून ऐकत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मोठे लोक आहेत, पन बोलून तर राहिले ना आपल्याच्यासाठी." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. मी रस्ताभर त्यांच्या पुढे झपाझप चालत राहिले.

शेवटी मी त्या मराठी पेपरच्या कचेरीत गेले. सोबत ते लुगडं नेलं. बाबांनी पंधरवड्याने मागावर बसून ते पुरं केलं होतं, पण विणकाम मध्येच थांबलं की कापडात एक आडवी रेघ पडते, ती काही केल्या जात नाही. असलं लुगडं दुकानदार घेत नाही. ते घरीच होतं. मी ते संपादकांच्या टेबलावर पसरलं. शाईची दौत त्यांनी पटकन बाजूला घेतली. मी रेघ दाखवली. म्हटलं, इथपर्यंत बाबा विणत होते तेव्हा निरोप आला. रेघेपर्यंत जांभळा बघा, काळा बघा, एक धागा चुकलेला नाही. हे दिव्याच्या उजेडात होत नाही. म्हणजे दिवस होता.

संपादक वयाने मोठे, खादी घातलेले, शांत माणूस. त्यांनी चष्मा वर करून काठ नीट पाहिला. काम सुरेख आहे म्हणाले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण मी छापू काय? लुगड्याच्या काठावरून सिद्ध होतं, असं? लोक हसतील."

"हसू द्या," मी म्हणाले.

"आणि दुसरं सांगतो. ती बातमी आल्यापासून लोक दिवे लावायला लागलेत. माझा स्वतःचा पुतण्या लावतो. त्या एका वाक्याने कुणाचा जीव वाचत असेल. ते मागे घेऊन कुणाचं भलं होईल?"

त्यांचा आवाज मऊ होता. दरडावलं असतं तर भांडणं सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "माझ्या बापाचं होईल." ते म्हणाले, "तुमच्या वडिलांचं दुःख मला समजतं." आणि त्यांनी स्वतः लुगड्याची घडी करायला सुरुवात केली, ती त्यांना करता येईना. मी त्यांच्या हातातून ते ओढून घेतलं आणि बोळा करून पिशवीत कोंबलं. पुढच्या आठवड्यात शाळेत मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. कार्पोरेशनची नोकरी आहे, जरा बेताने घ्या, एवढंच म्हणाल्या. कोणी सांगितलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

खांब मात्र लागला. पुलाखालच्या उतारावर, अगदी भाऊ पडला होता तिथून जवळच. आणि एक शिपाई उभा राहिला. आम्हाला वाटलं होतं तो ट्रक थांबवेल. तो तिन्हीसांजेला यायचा, बिनदिव्याच्या सायकली अडवायचा, त्यांच्या चाकांतली हवा सोडून द्यायचा. कामगार आपली सायकल ढकलत चढ चढायचे आणि शेजारून ट्रक जायचे, त्यांना तो हात दाखवून वाट करून द्यायचा. पेपरमध्ये त्याचं कौतुक छापून आलं.

निवडणूक जवळ आली तसे आमच्या वॉर्डाचे मेंबर घरी आले. वकील होते, गोड बोलायचे. म्हणाले, सायकलला दिवा लावा म्हणून आपण आठवडाभर प्रचार करतोय, सीताबर्डीत सभा आहे, बाबांनी व्यासपीठावर यावं. मी नको म्हटलं. वहिनीनेही आतून नकोच म्हटलं. पण बाबांच्या मनात काय आलं ते मला दिसलं. सभा म्हणजे पेपरवाले येणार. आवाज दूरवर नेणारा भोंगा असणार. तिथे एकदा बोललं की छापावंच लागेल.

सभेच्या दिवशी मी त्यांना रस्ताभर पढवत नेलं. "बाबा, काठाचं बोलू नका, मागाचं बोलू नका. फक्त म्हणा, माझा पोरगा गेला तेव्हा दिवस होता. बस." बाबा म्हणत, "हो वं, समजलं मले." त्यांनी धुतलेलं धोतर आणि लग्नातला कोट घातला होता. गल्लीतली मंडळीही आली होती, ती मागे उभी राहिली. व्यासपीठावर बाबांना हार घातला. मेंबरांचं भाषण झालं, आणखी दोघांचं झालं, मग बाबांना भोंग्यापुढे उभं केलं. आपलाच श्वास मोठा होऊन ऐकू आल्यावर ते बावरले.

बाबा म्हणाले, "माहा पोरगा गेला तवा मी काठ विनून राहिलो होतो."

आणि गळ्यातला हार चाचपत ते तिथेच थांबले. मागे उभ्या असलेल्या आमच्या लोकांनी माना खाली घातल्या. त्यांना सगळं समजलं होतं. बाकीच्या मैदानाला त्यातलं काय समजणार? मेंबरांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना हलकेच बाजूला केलं आणि भोंगा स्वतःकडे ओढला. म्हणाले, "बाप मुलासाठी घाम गाळत होता, आणि मुलगा एका क्षुल्लक दिव्याच्या हयगयीमुळे गेला. बाबांचं आपल्याला एकच मागणं आहे. दिवा लावा." टाळ्या पडल्या. मी पुढे जायला निघाले तर बायकांच्या बाजूला बांधलेला दोर आडवा आला. मी तिथूनच ओरडले की दिवस होता. शेजारच्या बाईने मला बसवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "रड वं माय, रड."

दुसऱ्या दिवशी दोन्ही पेपरांत बाबांचा फोटो होता, हारासकट. पुत्र गमावलेल्या पित्याचं शहराला आवाहन. या एका गोष्टीवर दोन्ही पेपरांचं एकमत झालं. मेंबर निवडून आले.

त्यानंतर राजधानी जाणार की राहणार, आपण कोणत्या राज्यात पडणार, याशिवाय पेपरांत काही उरलंच नाही. मोर्चे, ठराव, पत्रकं. राजधानी गेली ती गेलीच. ठेकेदारांच्या इमारतींची कामं थंडावली, पण ट्रक काही कमी झाले नाहीत. ते आता दुसरं काही वाहत होते. पुलाखालचा शिपाई गेला, खांबावरचा दिवा फुटला तो फुटलेलाच राहिला. मी एकदा-दोनदा पेपरला लिहून पाठवलं, आलं नाही. पुढे मीही सोडून दिलं. रागसुद्धा रोज नव्याने पेटवायचा म्हटलं की माणूस थकतो.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि दुसराही माग बंद झाला. पेपर ऐकण्याचा नाद मात्र राहिला. लोक त्यांना ओळखू लागले होते, तो एक नवाच प्रकार. दाराशी बसलेले असले की जाणारायेणारा म्हणायचा, बाबा, दिवा लावला बरं का. सुरुवातीला बाबा त्याला थांबवून काठाचं सांगायचे. ऐकणारा हो हो म्हणून निघून जायचा. मग बाबा नुसती मान हलवायला लागले. मग कधीतरी हात वर करून आशीर्वाद द्यायला लागले. हे कधी बदललं ते मला सांगता येणार नाही, पण बदलताना मी तिथेच होते.

एका संध्याकाळी मी वाचत होते. आतल्या पानावर चार ओळी होत्या. त्याच पुलाखाली, भर दुपारी, सायकलवरून डबा घेऊन जाणारा एक गिरणी कामगार ट्रकखाली सापडून मेला. सायकल वेगात होती असं कळतं, असं लिहिलं होतं. पुलाखालून निघताना चढच लागतो, चढावर वेग कुठून येणार? मी चिडून तेच बोलणार होते, तेवढ्यात बाबांनी विचारलं, "दिवा होता काय वं त्याच्या सायकलले?"

मला वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. "बाबा, दुपारची गोष्ट आहे. उन्हातली."

"असन," बाबा म्हणाले. "पन मानसानं दिवा लावाले पाहिजे. आपल्या पोट्ट्यानंई लावला असता तर वाचला असता."

मी वहिनीकडे पाहिलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. तिने एक खडा काढून दाराबाहेर टाकला आणि मान वर न करता म्हणाली, "हो बाबा, वाचले असते."

त्या घरात दिवस होता असं म्हणणारी आता मी एकटीच राहिले होते. मी पान उलटलं आणि पुढची बातमी वाचायला घेतली.